गारव्यातला अर्धा तास

भट्टीकाकू बावीस वर्षं त्या खानावळीची भट्टी सांभाळत होत्या आणि बावीस वर्षं दुपारी तीन ते साडेतीन मागच्या अंगणात डबा खात होत्या. आतल्या धगीत जीव शिजून निघायचा, तो त्या अर्ध्या तासात ठिकाणावर यायचा. सोमवारी मालकांनी अंगणात गिऱ्हाइकांसाठी टेबलं आणि पांढऱ्या खुर्च्या मांडल्या आणि फर्मान काढलं, स्वयंपाकघरातल्या चौघींनी आजपासून कोठीत जेवायचं. कोठीला खिडकीसुद्धा नव्हती. असलं काही मालकांनाच सुचावं.

अंगणाच्या भिंतीवर म्हातारा पाटीवाला अक्षरं रंगवत होता: ‘अल फ्रेस्को’.

“म्हणजे काय हो, दादा?” काकूंनी विचारलं.

“उघड्यावर. मालक म्हणाले, भारी वाटतं.”

“मालकांचं राहू द्या. शब्दाचं सांगा.”

पाटीवाला खुलला. आजवर लोकांनी त्याला फक्त अक्षरांची उंची विचारली होती. “इटालियन आहे. फ्रेस्को म्हणजे ताजं, गार. ओल्या गिलाव्यावरच्या चित्रालाही फ्रेस्कोच म्हणतात. अल फ्रेस्को म्हणजे मुळात गारव्यात. उघड्यावर हा अर्थ त्यातूनच आला.”

“गारव्यात,” काकू म्हणाल्या आणि बाहीनं घाम पुसून आत गेल्या.

तीनच्या ठोक्याला चौघी डबे घेऊन आल्या आणि सरळ मधल्या टेबलाशी बसल्या. मालक तावातावानं आले.

“काकू, ही जागा गिऱ्हाइकांची. पाटी दिसत नाही?”

“वाचली की. गारव्यात, असं लिहिलंय. तुमची गिऱ्हाइकं पंख्याखालून उठून येणार, आम्ही भट्टीपुढून आलोय. गारवा कुणाला हवा, तुम्हीच सांगा.”

“उद्यापासून कामावर येऊ नका.”

घर काकूंच्या एकटीच्या जिवावर चालत होतं. पण त्या खिडकी नसलेल्या खोलीत जायला पाय उचलेना.

“उद्या कशाला? आत्ताच जाते. संध्याकाळी साठ माणसं जेवायला आहेत. पाव तुम्ही भाजा.”

त्यांनी अॅप्रनची गाठ सोडली. बाकीच्या तिघींनीही सोडली. मालकांनी दारातून आतल्या भट्टीकडे पाहिलं. तिच्यापुढे ते आयुष्यात कधी उभे राहिले नव्हते.

“बसा आजच्या दिवस,” ते पुटपुटले.

“रोज,” काकू म्हणाल्या आणि पाटीवाल्याकडे वळल्या. “दादा, खाली लिहा: तीन ते साडेतीन, राखीव.”

पाटीवाल्यानं मालकांकडे न बघताच ब्रश रंगात बुडवला.