उसना अंगठा

नदीने माणूस परत दिला होता. चेहरा मात्र स्वतःकडेच ठेवून घेतला होता. शवागारातल्या डॉक्टरीणबाईंना पाण्याची ही खोड जुनी होती. बाहेर बाकावर बसलेल्या बाईलाही ती आताशा ठाऊक झाली होती. धाकटा भाऊ बेपत्ता झाल्यापासून, पाण्यातून कुणी निघाले की ती यायची आणि "हा आमचा नव्हे" एवढे सांगून हलक्या पावलांनी परतायची.

"तो पाण्यात जाणारच नाही हो," आजही तिने दारातच बजावले. "आंघोळ म्हटलं की पळ काढायचा. नोकरीच्या पहिल्या दिवशीसुद्धा मीच ढकलला न्हाणीघरात!"

मदतनीस हसला आणि लगेच ओशाळला.

आत, भिजून सैल झालेली मृताच्या हाताची कातडी मोज्यासारखी अलगद सुटून आली. डॉक्टरीणबाईंनी अंगठ्यावरचा पापुद्रा धुतला, टिपला आणि रबरी मोजा घातलेल्या आपल्या उजव्या अंगठ्यावर चढवला. अशा वेळी ठसा घ्यायची हीच रीत. निष्प्राण रेषांना आतून जिवंत बोटाचा टेकू लागतो. शाई लावून त्यांनी अंगठा कागदावर दाबला. रेषांची भोवरी उमटली आणि तिला छेदून गेलेला एक तिरपा, पांढरा व्रण.

हात धुऊन, ठशाचा कागद घेऊन त्या बाहेर आल्या. "भावाच्या उजव्या अंगठ्याला कधी लागलं होतं का?"

"लागलं? अहो, शार्पनरमध्ये घातला होता गाढवानं! पेन्सिलीसारखं टोक येतं का बघायला..."

हसता हसता तिची नजर कागदावर गेली. हसू ओठांवरच विझले.

"सरकारी नोंदीतल्या ठशाशी ताडून बघू," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "मगच नक्की सांगता येईल."

"ताडा तुम्ही. मला कळलं." तिने कागद जवळ ओढला. मग म्हणाली, "पण इतका ठसठशीत कसा उमटला? त्याच्या हातात आता कुठला जोर?"

खोटे बोलणे सोपे होते.

"जोर माझा होता. त्याची कातडी मी माझ्या अंगठ्यावर चढवली होती."

मदतनीसाने मान फिरवली. ती मात्र दचकली नाही.

"कुठल्या?"

डॉक्टरीणबाईंनी साबणाने कोरडा पडलेला उजवा हात पुढे केला. रस्ता ओलांडताना धाकट्याचे बोट धरावे, तसा तिने तो अंगठा मुठीत घट्ट धरला.

"गाढवा," ती पुटपुटली, "चल आता घरी."

आत काम खोळंबले होते. डॉक्टरीणबाईंनी हात सोडवून घेतला नाही.