बगळी येते, बगळी जाते

सुकरामच्या हातात रिमोट असला की त्याला कोणी हाक मारायची नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. सालेकशाजवळच्या त्या गावात धान पिकवणारे घरोघरी होते, पण विमान बनवून उडवणारा हा एकटाच. त्याची बायको रुख्मिणी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, “धानावरचे पाखरं हाकल म्हटलं तं हा माणूस घरी बसून नवीन पाखरू बनवते.” सुकराम हसायचा आणि थर्माकोलच्या पंखाला पुन्हा पॉलिश पेपर घासत बसायचा.

हे खूळ मोबाइलवरच्या व्हिडिओंतून डोक्यात शिरलं होतं. सुरुवातीची विमानं बांधीच्या, म्हणजे धानाच्या वाफ्याच्या, चिखलात नाक खुपसून संपली. मग हात बसला. आताचं विमान पांढरंशुभ्र, लांब पंखांचं. मुलगी नूतन त्याला बगळी म्हणायची, म्हणून घरात तेच नाव पडलं.

या छंदात एक मेख आहे. विमान आपल्यापासून लांब जात असताना रिमोटची दांडी डावीकडे केली की ते आपल्या डावीकडेच वळतं. तेच विमान आपल्याकडे तोंड करून यायला लागलं की सगळं उलटं. आपलं डावं ते त्याचं उजवं. सुकरामच्या अंगठ्याला हे इतकं मुरलं होतं की विचार करावाच लागत नसे. पण मागच्या वर्षी एकदा बगळी वर असताना ती येतेय की जातेय, हेच त्याला कळेना. पांढरा ठिपका तेवढा दिसत होता. गोंदियाच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, आणि गेलेली नजर परत येत नाही हेही सांगितलं.

तेव्हापासून नूतन त्याचे डोळे झाली. लग्न होऊन ती कुडव्याला राहत होती, गावापासून तसं जवळच. सुट्टीला आली की सकाळी वारा पडलेला असताना बाप-लेक कापणी झालेल्या बांधीत जायचे. ती शेजारी उभी राहून दोनच शब्द बोलायची, “जाते” आणि “येते”. बाकीचं सुकरामचा अंगठा पाहून घेई. तिला त्यातही गंमत वाटे, कारण घरात रुख्मिणीने तिच्या तोंडून “जाते” हा शब्द कधी निघूच दिला नव्हता. उंबरठ्यावर पाय ठेवताना “येते” म्हणायचं, नाहीतर बोलणी खायची.

यंदा मात्र दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला आलेली नूतन निरोप घ्यायलाच आली होती. जावयाला, दुर्गेशला, हैदराबादला नोकरी लागली होती आणि त्याच दिवशी निघायचं होतं. सुकरामने तोंडाने आनंदच दाखवला. आतून त्याचा जीव तुटत होता. पोरगी तर लांब चाललीच होती, आणि तिच्याशिवाय बगळीही आता फळीवरच राहणार होती. निघण्याआधी एकदा उडवू, एवढंच तो म्हणाला.

नूतनने बगळी हातातून सोडली. मोटरचा आवाज बांधीवरून वर चढत गेला आणि सुकरामचे खांदे सैल झाले. “जाते,” नूतन म्हणाली. मग “येते”. मग पुन्हा “जाते”. कितीतरी महिन्यांनी त्याला पूर्ण आभाळ मिळालं होतं, आणि ते संपूच नये असं त्याला वाटत होतं.

बगळी जंगलाकडे निघाली असताना रस्त्यावरून दुर्गेशची हाक आली. गाडी आली होती.

नूतनने मागे वळून उत्तर दिलं, “हो, येते.”

तेवढ्यात वाऱ्याने बगळीचा एक पंख दाबला. सुकरामच्या कानात “येते” पडलं होतं, त्याने अंगठा उलटा ढकलला. बगळी सावरायच्या ऐवजी कलंडली आणि काठावरच्या मोहाच्या झाडात शिरली. आवाज बंद झाला.

“बाबा, मी त्यांना म्हटलं, येते,” नूतन डोळे पुसत म्हणाली. “बगळी तर जात होती.”

सुकरामने रिमोट बंद केला. मग म्हणाला, “तुह्या मायनं शिकवलं तेच बोलली ना तू. कायले रडून राहिली?”

नूतनने झाडातून काढून आणलेल्या बगळीचा पंख मधोमध मोडला होता. हाताने चाचपून नवा करता येईल, असं तो म्हणाला, आणि ते खरंही होतं. पण मग बगळी कोणाच्या नजरेने उडवायची, ते दोघांपैकी कोणीच बोललं नाही.

दारात नूतन आईबापाच्या पाया पडली आणि तशीच उभी राहिली. नेहमीचा शब्द तिच्या तोंडून फुटेना. रुख्मिणी वाट पाहत होती.

“म्हण ना,” सुकराम म्हणाला.

“येते, बाबा.”

गाडी पांढरी होती. धुरळ्यातून ती लांब गेली आणि सुकरामला नुसता एक ठिपका उरला. तो जाऊन राहिला की परत येऊन राहिला, हे त्याला कळत नव्हतं. शेजारीच रुख्मिणी उभी होती, तिला विचारता आलं असतं. त्याने विचारलं नाही.