गुळाची माती

शिरोली नाक्यापलीकडच्या मंगल कार्यालयात त्या रविवारी सकाळी पाच-सहाशे माणसे गूळ खाऊन रडत होती. गुळाच्या या मुलखात असा प्रकार यापूर्वी कुणी पाहिला नसावा.

व्यासपीठावर मधुरानंद महाराज हात उंचावून गर्जत होते, "जिभेला विचारा! गूळ मातीसारखा लागला, तर समजा उदासी अंगात मुरली आहे! झाडपाल्यात उदासीवरचं औषध असतं, हे परदेशी शास्त्रज्ञ आज शोधताहेत. आमच्या हिमालयातल्या गुरूंनी ते ऋतुगंध-लहरीशास्त्रात केव्हाच सांगून ठेवलंय!"

ऋतुगंध-लहरीशास्त्र म्हणजे काय, हे कुणी विचारले नाही. न समजलेल्या शब्दाचा दरारा अंमळ जास्तच असतो.

महाराजांची रीत साधी होती. प्रथम प्रत्येकाने 'शांतिपत्र' नावाचे एक हिरवे पान सावकाश चावायचे, मग गुळाचा खडा तोंडात टाकायचा. गूळ मातकट लागला की उदासी सिद्ध. त्यानंतर पाऊण तास टाळ्या पिटत "गोड गोड, जग गोड" असा घोष आणि पुन्हा गूळ. या खेपेस तो गोड लागला की उदासी पळाली.

"पावणं, ही माती हाय की हो!" हंबीरराव पैलवान दचकून ओरडला. "मी सकाळी दोन ताटं मिसळ हाणून आलोय. मला कसली उदासी?"

"तीच गुप्त उदासी, पैलवान! हसणाऱ्याला ती जास्त असते."

"व्हय? मग रडतो की!" म्हणून एवढा थोरला गडी धाय मोकलून रडू लागला.

तिसऱ्या रांगेत बसव्वा ताठ बसल्या होत्या. पन्नास वर्षे गुळाच्या सौद्यात त्यांच्या जिभेचा शब्द अखेरचा मानला जाई. ढेपेचा कण चाखून ती कोणत्या गुऱ्हाळाची, हे त्या सांगत. घरातही त्यांचाच शब्द चाले, आणि त्या शब्दाखातरच आज सून विद्याश्री शेजारी बसली होती.

विद्याश्री कोडोलीच्या शाळेत विज्ञान शिकवी. गेल्या वर्षी तिचे मन असे खचले, की वेणी घालणेही तिला डोंगराएवढे वाटे. "अत्ती, कशातच गोडी वाटत नाही," असे तिने सासूला सांगितले होते. डॉक्टर प्रसेनजीत यांच्या गोळ्यांनी ती सावरू लागली होती, झोपू लागली होती, शाळेची चौकशी करू लागली होती. इतक्यात बसव्वांनी चौकातला फलक वाचला : 'जगण्यातली गोडी गेली? महाराज परत आणतील.' गुळात जन्म घालवलेल्या बाईला गोडी हा शब्द थेट जिभेचाच वाटला. महाराजांची अट एकच होती. समारोपाला साऱ्या गोळ्या कलशात बुडवायच्या आणि त्यांचे नाव पुन्हा काढायचे नाही. गोळ्यांचा डबा बसव्वांच्या पिशवीत होता. त्या सकाळची गोळी त्यांनी सुनेला दिली नव्हती.

बसव्वांनी पान चावले, गूळ तोंडात टाकला, आणि त्यांचा चेहरा बदलला. खरोखर माती!

"आजी, तुम्हालाही उदासी!" महाराजांनी ध्वनिक्षेपकावरून पुकारले.

"मला? मला उदास व्हायला सवड कुठं हाय?" बसव्वा कडाडल्या. कुणी त्यांना वेडी म्हटले असते तर त्यांनी सोडून दिले असते, पण जिभेवर आळ त्यांना सोसवेना. पिशवीतली चिंच काढून त्यांनी चोखली. ती आंबट होती. मिठाचा कण जिभेवर ठेवला, तो खारट लागला. "का हो महाराज, तुमची उदासी एकट्या गुळावरच रुसली व्हय?"

एवढ्यात विद्याश्री हळूच म्हणाली, "अत्ती, मला गूळ गोड लागतोय."

सभागृह थक्क झाले. उभ्या कार्यालयात जी खरोखर आजारी होती, तिलाच तेवढा गूळ गोड लागत होता!

"चमत्कार! गोळ्या सोडायच्या नुसत्या संकल्पानं—" महाराजांनी संधी साधली.

विद्याश्रीने मूठ उघडली. पान तिच्या तळहातावर तसेच होते. "मी चावलंच नाही. ही मधुनाशिनीची वेल. हिला गुळमार म्हणतात. हिच्यातलं द्रव्य गोड चव ओळखणारी जिभेची दारं तेवढी अडवतं. तास-अर्ध्या तासानं दारं आपोआप उघडतात. घोष म्हणा, नाहीतर पाढे म्हणा."

"गुळमार!" बसव्वांनी तो शब्द वैऱ्याचे नाव घ्यावे तसा उच्चारला, आणि पान घेऊन त्या व्यासपीठावर चढल्या. "महाराज, आता तुम्ही चावा."

"आमचा उपवास आहे."

"पाला उपासाला चालतोय की!" म्हणत डोळे पुसून हंबीररावाने महाराजांना प्रेमाने खाली बसवले. पैलवानाचे प्रेम खांद्यावर पडल्यावर महाराजांनी पान चावले. बसव्वांनी त्यांचे डोळे उपरण्याने बांधले आणि प्रसादाच्या स्वयंपाकघरातून दोन वाट्या मागवल्या. एकीत पिठीसाखर होती, दुसरीत तांदळाची पिठी. पहिला चमचा तांदळाच्या पिठीचा दिला. महाराजांच्या जिभेला काहीच कळेना, पण गोड नाही म्हणावे तर उदासी त्यांच्याच अंगात सिद्ध होणार.

"कसं लागतंय?"

"अहाहा! अमृतासारखं गोड!"

छप्पर उडेल असा हशा उसळला. उदासी खरोखरच पळाली. तिच्या पाठोपाठ, उपरणे सोडीत, महाराजही.

बसव्वा मात्र हसल्या नाहीत. त्यांनी ध्वनिक्षेपक हाती घेतला. "माझ्या सुनंची गोळी आज मी अडवली. चूक माझी हाय. तिची न्हाय, डॉक्टरांची न्हाय." त्या घरात हे वाक्य कुणी कधी ऐकले नव्हते. विद्याश्री सासूकडे पाहतच राहिली.

बसव्वांनी तेथूनच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "आजी, बरं झालं विचारलंत. गोळी आत्ता द्या, उद्यापासून नेहमीच्या वेळी. मनानं बंद करू नका."

"आणि झाडपाला? त्यात औषध असतं म्हणत्यात, ते खोटं?"

"खोटं नाही. केशर, हळद, आणखी कितीतरी वनस्पतींतली द्रव्यं उदासीवर तपासली जाताहेत, काहींकडून आशाही आहे. पण कुणाला, किती, कशाबरोबर, हे ठरल्याखेरीज ते औषध होत नाही. काही पाला चालू गोळ्यांशी भांडतोसुद्धा."

बसव्वांनी स्वतःच्या हाताने पाण्याचा पेला भरला. गोळी घेतल्यावर विद्याश्रीने विचारले, "अत्ती, तुम्हाला गूळ अजून मातीच लागतोय?"

बसव्वांनी खडा चाखला. "येतीय हळूहळू गोडी. नागावकडची ढेप हाय. आणि तुझी गोडी?"

"वेळ लागेल."

"लागू दे. मी हाय."

वाचकहो, जिभेची गोडी तासाभरात परतते, मनाची परतायला महिने लागतात. तेवढे महिने आजारी माणसाला औषध द्या, सोबत द्या. आणि कुणी हाती पान ठेवले, तर चावण्यापूर्वी त्याचे नाव विचारा.