नऊ जणांचा दोर

“चारचा भोंगा झाला की कुऱ्हाड,” चंद्रप्रकाशने पुन्हा बजावलं. “सेठला जबाब मला द्यायचाय, धाकू. तुला नाय.”

धाकूने वर पाहिलंसुद्धा नाही. तो भोक पाडायच्या गिरमिटाच्या टोकाला तेल लावत होता.

घाटकोपरच्या भटवाडीत, टेकडीच्या उतारावरच्या त्या चाळीत, हा फणस धाकूनेच लावलेला. सतरा वर्षांपूर्वी गावाहून पिशवीच्या तळाशी आलेली एक आठळी. परवाच्या वाऱ्यात खोड बेचक्यापासून खाली हातभर फाटलं. एक फांदी सरळ राहिली, दुसरी शेजारच्या खोलीतल्या म्हाताऱ्या अण्णांच्या कौलांवर कलली. कललेल्या फांदीवर तेवीस फणस होते म्हणतात. चौथ्या खोलीतले एकतीस सांगतात, पण ते धामण दिसली तरी अजगर सांगायचे.

चाळीच्या सेठने आपला माणूस चंद्रप्रकाश आणि त्याच्यासोबत जयवंत लाकूडतोड्या झाड तोडायला धाडला होता. जयवंत कुऱ्हाडीशेजारी उकिडवा बसून विडी ओढत होता.

धाकू गिरणीतला फिटर. संपाला सोळा महिने झालेले. प्रेमा, त्याची बायको, घरी जेवणाचे डबे करायची आणि धाकू ते पोचवायचा. सोळा महिन्यांत एकाही माणसाने त्याला ‘हे जरा बघ रे’ म्हटलं नव्हतं. म्हणून तर काल तो सगळ्या चाळीदेखत बोलून बसला होता, “फाटलेलं मशीन सांधलंय मी. ह्यो तर फणस.”

युक्ती सोपी होती. कललेल्या फांदीला दोर बांधायचा, तो सरळ फांदीवरच्या कप्पीतून खाली आणायचा आणि नऊ जणांनी ओढायचा. फट मिटली की आरपार भोक पाडून आटे पाडलेली सळई घालायची, दोन्हीकडून नट आवळायचे. पण नऊ जणांनी एकदम ओढायचं तर ताल हवा.

“अण्णांनू, तुम्ही गाऱ्हाणा घाला,” धाकू म्हणाला. “‘व्हय म्हाराजा’ झाला की ओढूचा.”

अण्णा गावी देवळात देवाला गाऱ्हाणं घालायचे आणि ओळीगणिक सगळा गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचा. त्यांचा आवाज लागला की खाडीपलीकडची कुत्रीही गप्प होत. त्यांनी नारळ वर धरला.

“बा देवा, ह्या झाडाची जी काय दुफळी झाली आसात, ती सांधून घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” दोर ताणला. फांदी करकरली आणि कौलांवरून वीतभर उचलली.

“आणि कोण कुऱ्हाड घेऊन इलो आसात, तर तेका आल्या वाटेन परत धाड रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” चंद्रप्रकाशच्या तोंडूनही निसटलं. जयवंत ठसकला.

फट चार बोटांवर आली. तेवढ्यात धाकूला आत अडकलेला लाकडाचा कपचा दिसला. तो तसाच राहिला तर फट मिटणार नव्हती. त्याने उजवा हात आत घातला.

“अण्णांनू, थांबवा!”

अण्णांचे डोळे मिटलेले, सूर टिपेला. त्याच सुरात ते गरजले, “तर माणसांनू, आता वायच थांबाचा रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” नऊ तोंडं म्हणाली, आणि अठरा हातांनी दोर खेचला.

धाकू ओरडला नाही. फक्त त्याचे गुडघे वाकले. हात मात्र वरच राहिला, फणसाच्या फटीत.

“अरे सोडा! सोडा दोर!” प्रेमा धावत आली.

“कोणी सोडूचो नाय!” धाकूचा चेहरा राखेसारखा झाला होता. “सोडलास तर फांदी खाली येतली.”

“तुमचो हात मोठो की झाड?”

“हात माझो आसा, प्रेमा. कौलां अण्णांची आसत.” त्याने मान वळवली. “कोण घेता गिरमिट? माझ्या हाताखाली वीतभर. आडवा धरा.”

कुणी हलेना. नऊजण दोराला जखडलेले, अण्णांनी नारळ अजून वरच धरलेला. मग जयवंतने विडी विझवली.

“सरका. लाकूड कुठं मऊ लागतं ते म्या जानतो.”

गिरमिट फिरू लागलं. पिवळा भुसा पडत होता, त्यावर चीक ठिबकत होता, आणि त्या पांढऱ्यात लाल. “सावकाश. पातं मोडात,” धाकू सांगत होता. तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला. सगळ्यांनी चंद्रप्रकाशकडे पाहिलं. त्याच वेळी दोरावरच्या शेवटच्या माणसाचा पाय मातीत घसरला आणि फांदी दोन बोटं खाली आली. चंद्रप्रकाशने घड्याळ काढून खिशात टाकलं आणि दोर धरला.

“खेचो यार, बघता काय!”

सळई आरपार गेली. पाना प्रेमाने फिरवला. “अजून एक आटो,” धाकू म्हणायचा, आणि ती रडत एक आटा आवळायची. नट लाकडात रुतला तेव्हाच त्याने मान हलवली. जयवंतने कुऱ्हाडीचं पातं फटीत, बोटांच्या वर, पाचरीसारखं हलकेच ठोकलं आणि धाकूचा हात बाहेर काढला. दोन बोटं इस्पितळातून परत आली नाहीत.

गिरणीचं बोलावणं पुढे आलंच नाही. त्यामुळे बोटं कमी पडली, असं कुणाला म्हणता आलं नाही.

दुसऱ्या वर्षी पहिला फणस उतरवला. जयवंतला निरोप गेला होता, तो ओट्यावर येऊन बसला. चाळ जमली. चीक चिकटू नये म्हणून प्रेमाने धाकूच्या तळहातावर खोबरेल ओतलं. त्याने डावा हात माखला. मग उजवा. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट, मधलं. आणि बोलता बोलता, सवयीने, पुढच्या दोन रिकाम्या जागांनाही टोकापर्यंत नीट तेल चोळलं.

प्रेमाने कोयता त्याच्या हातात दिला.