कमांडोची बहीण

रघुवीरला पोहायला शिकवलं ते त्याच्या बहिणीने. अनुजा त्याच्याहून चार वर्षांनी मोठी, राज्य पातळीवर पोहलेली, आता दादरच्या तलावावर मुलांना शिकवणारी. रघू लहानपणी इतका भित्रा, की डोक्यावर तांब्या ओतला तरी घाबराघुबरा व्हायचा. तिने त्याला पोटाखाली हात देऊन दोन उन्हाळे पाण्यात धरलं. तोच रघू पुढे नौदलात गेला आणि तिथून मरीन कमांडो झाला.

खरं तर नौदलाचं वेड अनुजाचं. बारावी झाल्यावर तिने चौकशी केली, तेव्हा खलाशी म्हणून मुलींना घेतच नसत. बऱ्याच वर्षांनी मुलींनाही कमांडो होता येईल अशी बातमी आली, तोवर तिचं वय उलटून गेलं होतं. ती बातमी चाळीतल्या तिघाचौघांनी तिला कौतुकाने पाठवली. तिने एकालाही उत्तर दिलं नाही.

त्या वर्षी गणपतीत रघू भरघोस दाढी घेऊन काळाचौकीला आला. मंडळाने सत्कार ठेवला. सेक्रेटरी हितेंद्र माइकवर सांगत होता, ही तुकडी ऐंशीच्या दशकात उभी राहिली, काश्मीरच्या सरोवरावर गस्त घालताना लोकांत मिसळून जावं म्हणून जवानांनी दाढ्या राखल्या आणि त्यांना ‘दाढीवाली फौज’ नाव पडलं. रघूने फोटो काढू नका अशी विनंती केली, त्यामुळे तर लोक आणखीच भारावले. आई कौसल्या पदराने डोळे पुसत होती. शाल-नारळाचं तबक धरून उभं राहायचं काम अनुजाकडे आलं होतं. तुला किती अभिमान वाटत असेल, असं कुणी म्हटलं की ती हो म्हणायची. अभिमान होताच. पण त्याच्या तळाशी काहीतरी जळत होतं, आणि तबक धरलेले हात अवघडून गेले तरी टाळ्या थांबत नव्हत्या.

घरी तो ट्रेनिंगबद्दल फार बोलत नसे. तीच खोदून खोदून विचारी. मांडीभर चिखलातून पाठीवर ओझं घेऊन जायचं आणि छाती धपापत असतानाच नेम साधायचा, असं त्याने सांगितलं. पहिल्याच चाचणीत बहुतेक जण गळतात, झोपेविना दिवस काढताना उरलेल्यांतले आणखी काही. ऐकताना ती मनातल्या मनात त्याच्या जागी उभी राहायची, आणि दर वेळी ते त्याच्याहून चांगलं करायची.

एका दुपारी तलाव रिकामा होता, तेव्हा तिने त्याला शर्यतीला बोलावलं. ती सहज जिंकली. रघू काठाला धरून हसत राहिला. हरल्याचं त्याला काहीच वाटलं नाही, हेच तिला लागलं.

“तिथे वेग कोण बघतं, ताई? हातपाय बांधून पाण्यात सोडतात. घाबरला तो घरी.”

“मग मला बांध.”

तो नको नको म्हणत होता. तिने स्वतःच दोरी आणून त्याच्या हातात दिली. शेवटी त्याने तिचे हात पाठीमागे बांधले, घोटे बांधले, आणि तोही तिच्याबरोबर पाण्यात उतरला.

अनुजा बुडाली. पाय तळाला टेकेपर्यंत तिने अंग सैल सोडलं, मग रेटा देऊन वर आली, श्वास घेतला, पुन्हा खाली गेली. पुन्हा वर. थोड्या वेळाने पाणीच तिला खालीवर नेतंय असं तिला वाटू लागलं. ती थांबेना, तेव्हा रघूनेच तिला धरून काठावर आणलं.

गाठ सोडताना तो म्हणाला, “मी पहिल्यांदा घाबरलो होतो. पाणी प्यालो. ओढून बाहेर काढलं मला. पुन्हा संधी मिळाली म्हणून टिकलो.”

तिला बरं वाटावं म्हणून तो हे बोलला होता. तिला ते सहन झालं नाही. आजवर ती स्वतःची समजूत घालत आली होती, की कदाचित आपल्याला जमलंही नसतं. आता तीही सोय राहिली नाही. सुट्टी संपेपर्यंत ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. तो निघाला त्या दिवशी पहिली बॅच आहे असं सांगून पहाटेच बाहेर पडली. बॅच नव्हती.

काही महिन्यांनी टीव्हीवर बातमी आली. दूर अरबी समुद्रात चाच्यांनी पकडलेल्या जहाजावर नौदलाचे कमांडो चढले होते, खलाशी सुखरूप सुटले होते. कौसल्या हातातलं काम टाकून पडद्याजवळ आली.

“आपलो रघू आसात काय गो तेंच्यात?”

पडद्यावर झाकलेले चेहरे दिसत होते. तिथे मी असते तर, हे अनुजाच्या मनात आधी आलं. त्याला काही झालं नसेल ना, हे त्यानंतर. आईच्या मनात दुसरं काही आलंच नव्हतं. अनुजाला स्वतःची शरम वाटली. ती आईला खेटून बसली आणि तिचा हात धरला.

चार दिवसांनी रघूचा फोन आला. आईला त्याने जेवणाखाण्याचंच विचारलं. मग अनुजाने फोन घेतला. तू होतास का, हे विचारून उपयोग नव्हता. ते त्याला सांगता येणार नव्हतं.

“समुद्र कसा होता रे?” तिने विचारलं.



“खवळलेला. तुला आवडला असता, ताई.”

हा राग होता की आनंद, तिचं तिलाच कळेना.

“सांग मग,” ती म्हणाली. “जेवढं सांगता येईल तेवढं.”

तो लाटांबद्दल बोलू लागला. बोट कशी उचलली जाते, वारा कुठून लागतो, काळोखात पाणी कसं ऐकू येतं. आपल्याला हेवा वाटतोय हे अनुजाला नीट कळत होतं. तरी तो थांबला की ती म्हणायची, “पुढे?”