मुकादमीण

लेकीने फाटक पुन्हा सताड उघडलं, तरी एकही गाय आत यायला तयार नव्हती. चरून आलेला कळप कुंपणापाशी घोटाळत होता. कासा तटतटल्या होत्या, पण पहिलं पाऊल टाकायचं कोणी, यावरच गाडं अडलेलं.

"यांना झालंय तरी काय?"

"मुकादमीण नाही ना," धारा काढणारा गडी म्हणाला. बादली पालथी घालून तो तिच्यावर निवांत बसला होता.

गोठ्याच्या पायरीवर गुडघ्याला तेल चोळत बसलेल्या आईने हे मघाशीच ओळखलं होतं. ओळखलं नसतं तर बरं झालं असतं, असंही तिला वाटलं.

मुकादमीण ही त्यांची सगळ्यांत म्हातारी गाय. ती पुढे चालायची, बाकीच्या मागे. दावणीतली पहिली जागा तिची. आईचा नवरा होता तेव्हा त्यानेच हे नाव ठेवलं होतं. अलीकडे पुन्हा पुन्हा भरवूनही ती गाभण राहिली नाही. सकाळीच व्यापारी तिला गाडीत घालून घेऊन गेला होता.

लेकीचं चुकलं, असं आईला म्हणता येत नव्हतं. शिकून आल्यावर तिने वैरण मोजूनमापून घालायला लावली, गायींपुढे दिवसभर पाणी ठेवलं, आणि दूध खरंच वाढलं. तिची टिंगल करणारा गडीही मुकाट झाला. मग ती मुकादमिणीच्या मागे लागली. "हिचं खाणं दोन कालवडींना पुरेल, आई. खायला काळ आणि भुईला भार."

"दुभत्या गाईच्या लाथा गोड," गड्याने पुस्ती जोडली होती. "हिला तर लाथ मारायचंही त्राण नाही."

आईला वाद घालायचंही त्राण नव्हतं. सोमवारी तिचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं. "त्यानंतर गोठ्यात पाय ठेवायचा नाहीस," असं लेकीने बजावलं होतं. उजाडल्यावरही अंथरुणात पडून राहायला मिळेल, एवढंच आईच्या मनात होतं. ती "ने" म्हणाली होती.

गड्याने काठी घेऊन दोन गायी आत रेटल्या. त्या तशाच उलट्या फिरल्या. एकीला बाहेरच बांधून तो धार काढायला बसला, तर बादलीचा तळही झाकेना.

"पान्हा चोरतेय," तो म्हणाला.

बिथरलेली गाय पान्हा सोडत नाही, हे लेकीला पाठ होतं. "होईल उद्यापर्यंत सवय," ती तरीही म्हणाली.

"उद्यापर्यंत कासा सुजतील. मुकादमिणीच्या गळ्यातली घंटा कुठाय?"

"खुंटीला काढून ठेवलीय. आण, मीच जाते पुढे."

घंटा वाजवत लेक दावणीपर्यंत जाऊन आली. गायी रवंथ करत तिच्याकडे बघत राहिल्या.

आई भिंतीला धरून उठली.

"आई, गुडघा..."

"माझाच आहे. कुठे पळून जातोय."

घंटा हातात घेऊन ती फाटकापर्यंत गेली आणि गायींकडे पाठ करून परत फिरली. मुकादमिणीसारखीच, संथ, एक पाय जरा ओढत. मागे खूर वाजले. तिने वळून पाहिलं नाही. दावणीत पहिल्या रिकाम्या जागेत जाऊन ती गव्हाणीला टेकून उभी राहिली. एकेक गाय आपापल्या जागी येत गेली.

"सोमवार पुढे ढकलावा लागेल का गं?" लेकीने हळूच विचारलं.

 आईला धाप लागली होती.

गडी वैरणीच्या पेंढ्या टाकत आला. सवयीने त्याने पहिली पेंढी पहिल्या गव्हाणीत, आईच्या पुढ्यात टाकली, आणि तो जागीच थबकला.

आईने ती उचलून शेजारच्या गायीपुढे सारली. हातातली घंटा किणकिणली, तशी पलीकडच्या गायीने वर पाहिलं आणि पुन्हा गव्हाणीत तोंड घातलं.