पेट्राच्या पन्हळीचा उतार

जॉर्डनहून परतून तीन दिवस झाले, तरी ते दोन तास सुनेत्राच्या मनातून जात नव्हते. पेट्राच्या अरुंद घळीत शिरताना बाबा "आलोच" म्हणून मागे राहिले, आणि मग दोन तास सापडलेच नाहीत. सापडले तेव्हा किती वाजले हेही त्यांना सांगता येईना. चोआ चू कांग भागातल्या आपल्या घरी पोचताच तिने स्मृतिविकारांच्या डॉक्टरांची मंगळवारची वेळ घेतली. बाबांना सांगितलं नव्हतं.

शनिवारी तिच्या नवऱ्याने, प्रबोधने, बाबांचा कॅमेरा टीव्हीला जोडला. फोटोंत डोंगर कोरून काढलेल्या त्या शहराचे खांब नाहीत, थडगी नाहीत. कड्याच्या बुडाशी खोदलेली पन्हळ, आणि तिच्यात आडवी ठेवलेली अर्धी भरलेली पाण्याची बाटली. पुढच्या फोटोत तेच. त्याच्या पुढच्यातही.

"बाबा, एकेचाळीस फोटो बाटलीचे!" प्रबोध म्हणाला. " जाहिरात करताय की काय?"

"अठ्ठेचाळीस हवेत," बाबा म्हणाले. "सात कुठे गेले?"

सुनेत्राला मंगळवार आठवला. प्रबोधने शोधलं, तर उरलेले सात दुसऱ्या फोल्डरमध्ये निघाले. बरोबर सात.

"प्रबोध, जरा मागे घे."

आता ती प्रयोगशाळेत बघते तशी बघू लागली. बाटली कललेली होती, आतलं पाणी मात्र सपाट. दोहोंमध्ये एक बारीक कोन. तिने लेकीच्या कंपासपेटीतला कोनमापक आणून टीव्हीच्या काचेला लावला. साडेतीन अंश. पुढे चार. पुन्हा साडेतीन.

"बाबा, तुम्ही उतार मोजत होता?"

"मग काय बाटलीची दृष्ट काढत होतो?" पस्तीस वर्षं नळयोजना आखलेले बाबा खुर्चीत पुढे सरकले. "यंत्र कुठून आणणार तिथे? दर तीस पावलांवर एक फोटो. अगं, उतार जास्त झाला तर पाणी बाहेर उसळतं, कमी झाला तर गाळ बसतो. वाळवंटात एक थेंब सांडून परवडेल का? दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी हा हिशेब दगडात उतरवलाय."

"मला सांगायचं तरी!"

"तू पुढे पळालीस, खांब बघायला."

सुनेत्राला हसू आलं, पण ती अंदाजावर समाधान मानणारी नव्हती. "बाबा, मंगळवारी आपल्याला डॉक्टरांकडे जायचंय. तुम्हाला वेळेचं भान राहिलं नाही, म्हणून. मी घाबरले होते."

बाबांनी मान डोलावली. "जाऊ या. तपासल्याशिवाय तू मानायची नाहीस, हे काय मला माहीत नाही? पण आधी तो सत्ताविसावा लाव. तिथे उतार एकदम मोडलाय. मला कारण कळलेलं नाही."

फोटो आला. सुनेत्राने कोनमापक टेकवला, आकडा वाचला आणि पुन्हा वाचला. कारण तिलाही कळेना.

"प्रबोध," ती म्हणाली, "सव्विसावा आणि अठ्ठाविसावा शेजारी लावता येईल?"